ओठ थांबले, आवाज चालूच!

रात्रीचे दोन. सकाळी डिलिव्हरी. इंटरव्ह्यूचं पहिलं मिनिट झकास, पण विसाव्या मिनिटाला बाईंचे ओठ थांबतात आणि आवाज चालूच! एडिटर दोस्तांचे असे फोन मला नेहमी येतात. मी सांगते, आवाज कापून सरकवत बसू नका. फरक पुढे वाढतच जातो. गुन्हेगार बहुधा मोबाइल. सेटिंगमध्ये ३० फ्रेम्स असल्या, तरी उजेड कमी झाला की आकडा खाली-वर होतो. मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडा. फ्रेम रेट मोड ‘व्हेरिएबल’ दिसला, तर फुकटच्या हँडब्रेकमध्ये ३० आणि ‘कॉन्स्टंट’ निवडून नवी फाइल बनवा. मूळ फाइल जपून ठेवा. मात्र हे सगळं पहिला कट मारण्याआधी! मग क्लायंटसमोर बिनधास्त प्ले दाबा.