'गेलतो' आणि 'हॅड गॉन' : 'पूर्ण भूतकाळ' या नावाविषयी

मराठी आणि इंग्रजी विभागांतील अध्यापकांची अभ्यासविषयावरून गाठ एरवी क्वचितच पडते. पडली तरी ती बहुधा विद्यार्थ्यांच्या चुकांवरून. सांगली-साताऱ्याकडील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांत एक वाक्य हमखास आढळते : 'आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे.' अध्यापक 'हॅड गॉन'खाली लाल रेघ ओढून वर 'वेन्ट' असे लिहितो. विद्यार्थी ती दुरुस्ती मुकाट्याने मान्य करतो आणि पुढच्या निबंधात पुन्हा 'हॅड गॉन'च लिहितो. ही चूक हलगर्जीपणाची नाही. तिचे मूळ मराठीच्या तासाला आपण शिकवीत असलेल्या एका नावात आहे. म्हणून तिचा विचार इंग्रजी विभागावर सोपवून मराठीच्या अध्यापकाला मोकळे होता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ते नाव म्हणजे 'पूर्ण भूतकाळ'. आपल्या शालेय व्याकरणात प्रत्येक काळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार प्रकार सांगितले जातात. इंग्रजीच्या मार्गदर्शकांत असतो तो बारा खणांचा तक्ता याच्या शेजारी ठेवला, की एकास एक जोडी लावण्याचा मोह होणारच. 'गेलो होतो' आणि 'हॅड गॉन' ही त्यांपैकी एक जोडी. भाषांतर पाठमालांच्या पद्धतीने, म्हणजे वाक्यासमोर वाक्य ठेवून, इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी ही जोडी घोकली आहे. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून आपली व्याकरणविषयक परिभाषा संस्कृत आणि इंग्रजी यांच्या सावलीत वाढली, हे सर्वश्रुत आहे. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ साली 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' मांडला. परंतु काळांच्या शालेय तक्त्यापर्यंत तो पुनर्विचार पोहोचला असे म्हणवत नाही.

इंग्रजीतील या काळाचे स्वरूप हान्स रायखेनबाख यांनी १९४७ साली तीन बिंदूंच्या साहाय्याने स्पष्ट केले. बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि ज्या क्षणावर उभे राहून आपण त्या घटनेकडे पाहतो तो संदर्भाचा क्षण, असे हे तीन बिंदू होत. 'हॅड गॉन'मध्ये संदर्भाचा क्षण भूतकाळात असतो आणि घटना त्याच्याही आधीची असते. म्हणूनच 'हॅड' ऐकताच इंग्रजी कान विचारतो : कशाच्या आधी? 'आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे' या वाक्यात त्या प्रश्नाला उत्तर नसते आणि वाक्य अधांतरी राहते.

'मी काल पुण्याला गेलो होतो' हे मराठी वाक्य मात्र मुळीच अधांतरी नाही. ते कशाच्या आधी, असे कोणी विचारत नाही. या वाक्यातून ऐकणाऱ्याला कळते ते एवढेच, की बोलणारा पुण्याला गेला आणि आता परत आला आहे. 'पाहुणे आले' म्हटले की घरात चहाचे आधण चढते. 'पाहुणे आले होते' म्हटले की कपबशा विसळण्याचे काम उरलेले असते. 'वीज गेली' असे अंधारात म्हणतात, 'वीज गेली होती' असे दिवे लागल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले तेव्हा माणसे 'पाणी आलं' असे ओरडत होती. आज त्याच घटनेविषयी आपण '२०१९ साली शहरात पाणी आले होते' असे म्हणतो, कारण ते पाणी ओसरले आहे. याउलट 'भारत १९४७ साली स्वतंत्र झाला' या वाक्याला आपण सहसा 'होता' जोडीत नाही. सुटे वाक्य म्हणून 'स्वतंत्र झाला होता' असे कोणी म्हणाले, तर पुढे काही विपरीत घडले की काय, अशी शंका येते. दोन्ही घटना निश्चित सालातील आणि दोन्ही पूर्ण झालेल्या. मग भेद कोठे आहे? एकीचा परिणाम टिकून आहे, दुसरीचा टिकलेला नाही.

तेव्हा 'होता' हे रूप घटनेच्या पूर्णतेविषयी बोलत नाही. पूर्णता 'गेला'मध्ये आलेलीच आहे. घटना आणि वर्तमान यांच्यामधला धागा तुटला आहे, हे ते सांगते. अशा रूपांना जगातील अनेक भाषांत स्वतंत्र स्थान असल्याचे व्लादिमीर प्लुंग्यान आणि योहान फान डर आउवेरा यांनी २००६ च्या एका लेखात दाखविले आहे. त्यांच्या संज्ञेचे 'खंडित भूतकाळ' असे मराठीकरण करता येईल. हे नाव मराठीस पूर्णपणे बसते असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. 'तुला सांगितले होते ना!' या वाक्यात सांगणे रद्द झालेले नाही, ते न ऐकणे झाले आहे. तरीही तुटलेपणाची छटा तेथेही आहेच. 'हे पुस्तक मी वाचले आहे' म्हणणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत प्रश्नांना सामोरा जाण्यास तयार असतो. 'वाचले होते' म्हणणारा अगोदरच सवलत मागत असतो, आणि परीक्षकाला ते बरोबर कळते.

घोटाळा वाढतो तो एका खऱ्या साम्यामुळे. 'मी स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती' या वाक्यात मराठी 'होती' आणि इंग्रजी 'हॅड' अगदी एका जागी येतात. पाठ्यपुस्तकांना उदाहरण म्हणून नेमके हेच वाक्य आवडते. एका वाक्यात जमले म्हणून सर्वत्र जमेल, अशी विद्यार्थ्याची समजूत झाली, तर दोष त्याला कसा द्यावा?

येथे डच भाषकांशी तुलना उद्‌बोधक ठरते. डच ही इंग्रजीची जवळची नातलग. तिच्यात 'हॅड'ला समांतर असे क्रियापद आहे आणि ते याच कामी येते. शिवाय जाणे-येणे यांसारख्या क्रियापदांबरोबर ती आपल्यासारखीच 'होता' या अर्थाचे क्रियापद योजते. तरीही डच विद्यार्थी इंग्रजीत चुकतो, पण वेगळ्या ठिकाणी. 'मी त्याला काल पाहिले' हे सांगताना तो 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' असे म्हणतो, कारण त्याच्या भाषेत ती रचना 'काल'बरोबर खुशाल चालते. प्रत्येकाची चूक त्याच्या मातृभाषेच्या व्याकरणाशी इमान राखून असते. एका ठिकाणी तर डच आणि मराठी विद्यार्थी एकाच खड्ड्यात पडतात. 'वडील निवृत्त झाले तेव्हा आम्ही दहा वर्षे सांगलीत राहत होतो' या वाक्यासाठी इंग्रजीला 'हॅड' हवे असते. तेथे डच विद्यार्थी साधा भूतकाळ वापरतो आणि आपला विद्यार्थी 'वुई वेअर लिव्हिंग' असे लिहितो. म्हणजे नको तेथे 'हॅड' घालणारा आपला विद्यार्थी हवे तेथे ते गाळतो. तक्ता पाठ करून हे सुटणारे नाही.

आपल्या भागातील बोलीकडे वळले की प्रश्न अधिक रंजक होतो. 'गेलो होतो' हे येथे 'गेलतो' होते; 'आला होता', 'आली होती', 'आलं होतं' यांची 'आलता', 'आलती', 'आलतं' अशी रूपे होतात. ही रूपे म्हणजे भरभर बोलताना झालेली ओढाताण, असे समजून आपण ती सोडून देतो. पण 'आली होती' या प्रमाण रूपात लिंगाची खूण दोनदा येते, तर 'आलती'मध्ये ती एकदाच आणि शेवटी येते. 'आलीय' या रूपाशी तुलना करावी : तेथे 'आहे' झिजले, तरी 'आली'मधील 'ई' जागच्या जागी राहिली. 'आलती'मध्ये ती गेली. 'होती' आता वेगळे सहायक क्रियापद राहिले नसून प्रत्ययासारखे झाले आहे. तासगाव किंवा विट्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात 'गेलतो' हा एकच शब्द असतो आणि त्याला स्वतःचा एक अखंड अर्थ असतो. शाळेत त्या शब्दाचे आधी 'गेलो होतो' असे शुद्धीकरण होते, मग त्याला 'पूर्ण' हे नाव मिळते आणि शेवटी त्यासमोर 'हॅड गॉन' लिहिले जाते. तीन पायऱ्यांत मूळ अर्थ हरवतो.

भाषांतराच्या संदर्भातही याची दखल घ्यावयास हवी. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' राम देशमुखांच्या इंग्रजी अनुवादात 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' झाली. त्या शीर्षकातील 'हॅड' हे सहायक नव्हे, मुख्य क्रियापद आहे आणि मराठीत त्याचे 'नव्हत्या' होईल. 'हॅड म्हणजे होता' एवढ्या भांडवलावर भाषांतर शिकणाऱ्याला हे शीर्षकसुद्धा विचारात पाडील. मराठी कथनात तर 'होता' हे रूप कोठे पार्श्वभूमी रंगविते, कोठे गतगोष्टीवर पडदा टाकते. अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी 'हॅड', साधा भूतकाळ अथवा निराळीच रचना यांतून निवड करावी लागते. ही निवड त्याला शिकवावयाची तर प्रथम मराठी रूपाचे वर्णन हाती हवे आणि ते करणे हे आपले, मराठीच्या अभ्यासकांचे, काम आहे.

निदान पदव्युत्तर वर्गात व्याकरणाचा भाग शिकविताना 'पूर्ण भूतकाळ' हे नाव प्रश्नचिन्हासह शिकवावे आणि विद्यार्थ्यांनी स्वतःच्या घरातील वाक्ये टिपून आणावीत, एवढे तर करता येईल. त्यांतून नवे प्रश्नही निघतील. उदाहरणार्थ, 'गेलतो' जुळून एक झाले, पण नकारात 'गेलो नव्हतो' अजून सुटेच आहे. त्याचे कारण केवळ ध्वनींत आहे की नकाराच्या रचनेत, हे तासगाव, विटा, कराड या पट्ट्यातील बोलणे नीट ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि हे बोलणे ऐकण्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांना फार लांब जावे लागत नाही. त्यांतील बरेच जण रोज त्याच एसटीने महाविद्यालयात येतात.