ऑनलाइन प्रशिक्षण झाले, आता शेजारी कोण बसणार?

कोचिंग म्हटले की आपल्या घरात दहावी-बारावीच्या मुलांचे क्लास आठवतात. सांगलीचे विश्रामबाग असो की साताऱ्याचा पोवई नाका, पाट्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण शिक्षकालाही कोच लागतो, हे ऐकल्यावर बरेच पालक हसतात. "तुम्हाला कोण शिकवणार?" असा प्रश्न आम्हाला मोहल्ल्यात अनेकदा विचारला गेला आहे. हा महिना त्याच प्रश्नासाठी.

पूर्वी आमची प्रशिक्षणे तालुक्याच्या एखाद्या शाळेत व्हायची. साधनव्यक्ती बोलायच्या, आम्ही वहीत उतरवून घ्यायचो, दुपारी चहा, संध्याकाळी हजेरीची सही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे चित्र पालटले. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ पासून होतेच. २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालेले 'निष्ठा' प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून त्यावर ऑनलाइन आले. प्राथमिकच्या शिक्षकांसाठी १८ कोर्स, प्रत्येकात व्हिडिओ, वाचन, कृती आणि शेवटी प्रश्नावली. मग प्रमाणपत्र. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असे लिहून ठेवले आहे. कागदावर हे सगळे उत्तमच आहे. घरबसल्या, आपल्या वेळेने शिकता येते. जतच्या टोकाच्या शाळेतल्या बाईंना आता सांगलीला येण्यासाठी एसटीची वाट पाहावी लागत नाही.

पण घरोघर काय घडते ते आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको. व्हिडिओ ओट्यावर चालू असतो आणि बाई पोळ्या लाटत असतात. 'पुढे जा' हे बटण मुलगा दाबतो. प्रश्नावलीची उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच फिरत असतात. प्रमाणपत्र येते, त्याची प्रिंट फाईलला लागते आणि वर्गातला स्मार्ट टीव्ही कापडाखाली झाकलेलाच राहतो. यावर शिक्षकांना नावे ठेवणे सोपे आहे. आमच्या मते यात आळस थोडा आणि मांडणीचा दोष जास्त. दिवसभर शाळा, त्यानंतर ऑनलाइन माहिती भरणे, मग घर. त्यात रमजानमध्ये संध्याकाळी साडेपाचचे सत्र ठेवले तर इफ्तारीची तयारी सोडून कोण कॅमेरा चालू करणार? वेळ ठरवणाऱ्याने एकदा आपल्या शिक्षिकांना विचारले असते तरी पुरे होते.

अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोन अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास हाच प्रश्न धरला होता. शिक्षकाला नवी पद्धत समजावून सांगितली, करून दाखवली, प्रशिक्षणात करायला लावली, तरी ती वर्गात फारशी उतरत नाही. ती उतरते कधी? वर्गात करून पाहताना एखादा सहकारी सोबत असतो, पाहतो, दोन शब्द सांगतो आणि पुन्हा येतो तेव्हा. त्यांनी याला कोचिंग म्हटले.

मिरजेच्या माणसाला हे समजायला अमेरिकेला जावे लागत नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवू लागले आणि त्यांच्या मागून मिरजेत सतारमेकरांची गल्लीच उभी राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे जवारी काढणे हे सर्वांत नाजूक काम. घोडीचा पृष्ठभाग कानसेने जरा जरा घासायचा, तार कुठे आणि किती टेकते ते ऐकायचे, पुन्हा घासायचे. एक घाव जास्त बसला की आवाज बसला. हे काम शागीर्द व्हिडिओवरून पाहू शकतो, समजूही शकतो. पण हात बसतो तो उस्ताद शेजारी बसून "थांब, आता ऐक" म्हणतात तेव्हाच. टीव्हीवर धडा लावणे जवारीइतके नाजूक नाही, हे मान्य. तरी तीस मुले समोर बसलेली असताना टीव्हीला फोन जोडला जात नाही, तेव्हा शिक्षकाच्या पोटात उठणारा गोळा आम्ही जवळून पाहिला आहे.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे उदाहरण अनेकांना माहीत असेल. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने जिल्हा परिषदेच्या शाळा बदलल्या. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून आले. येणाऱ्यांना भाषणापेक्षा चालू वर्ग पाहायला मिळाला, आणि करणाऱ्या शिक्षकालाच प्रश्न विचारता आला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात रणजितसिंह डिसले यांनी परितेवाडीच्या शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांवर आले, आणि २०२० मध्ये डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रांनी दहा लाख डॉलरचा आकडा मोठा छापला, त्यातला अर्धा वाटा त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना दिला हेही छापले. आमच्या लक्षात राहिले ते वेगळेच. हे काम एका जिल्हा परिषद शिक्षकाने आपल्या वर्गाची अडचण पाहून सुरू केले होते.

आता आमची अडचण, म्हणजे उर्दू शाळांची. मिरज, सांगली, कराड, सातारा इथल्या उर्दू शिक्षकाला तंत्रज्ञान शिकवणारा बहुतेक मराठी किंवा इंग्रजीत शिकवतो, आणि त्याच्या पडद्यावर ओळ डावीकडून सुरू होते. आमची उजवीकडून. उर्दू वाक्यात मध्येच एखादा इंग्रजी शब्द किंवा आकडा आला की ओळीचा क्रम विस्कटतो. घरच्या कॉम्प्युटरवर सुंदर नस्तालीकमध्ये केलेली स्लाइड शाळेच्या लॅपटॉपवर फाँट नसल्याने नस्खमध्ये उघडते. तिसरीतली मुले विचारतात, "आपा, ये कुरआन का लिखा है क्या?" बिचाऱ्यांचे बरोबरच आहे, नस्ख त्यांनी कायद्यात आणि कुरआनात पाहिलेले असते. त्याहून मोठे दुखणे इनपेजचे. जुन्या शिक्षकांकडे वीस-वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये आहेत आणि तिथला मजकूर उचलून मोबाइलवर टाकला की नुसत्या खुणा दिसतात, कारण जुने इनपेज युनिकोड वापरत नव्हते. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

हे साऱ्या राज्यासाठी बनलेल्या कोर्समध्ये कोण सांगणार? म्हणून दोन्ही जिल्ह्यांतल्या आम्ही काही शिक्षकांनी एक छोटा गट केला. गुरुवारी इशानंतर अर्धा तास, त्याहून जास्त नाही. दर पंधरवड्याला एकच काम. स्लाइड पीडीएफ करून न्यायची, म्हणजे फाँट हलत नाही, हे पहिले काम होते. दीक्षावरचा धडा शाळेत रेंज नसेल तर घरूनच डाउनलोड करून ठेवायचा, हे दुसरे. प्रत्येकाने स्वतःच्या वर्गाचे पाच मिनिटांचे चित्रण जोडीदाराला पाठवायचे. गटावर टाकायचे नाही, फक्त जोडीदाराला. मुलांचे चेहरे दिसू नयेत म्हणून फोन मागच्या बाकावर ठेवायचा. जोडीदाराने आधी एक चांगली गोष्ट सांगायची आणि मग एकच प्रश्न विचारायचा. सूचनांची यादी द्यायची नाही, हा नियम आम्ही कडक ठेवला आहे, कारण शिक्षक दुसऱ्या शिक्षकाला सूचना द्यायला बसला की रात्र पुरत नाही.

वरिष्ठांना यात हजेरी नको, अहवाल नको, असे आमचे म्हणणे आहे. तपासणी करणारा आणि शेजारी बसणारा ही दोन वेगळी माणसे असावीत. ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे त्याला कोणी आपला फसलेला धडा दाखवत नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द. आई शिक्षिका असेल तर मुलांनी तिच्या फोनवर बटणे दाबून देण्याऐवजी तिला दाबू द्यावीत. ती हळू दाबेल, चुकेल, पुन्हा करेल. शौहरांनी तो अर्धा तास चहाची फर्माईश करू नये, चहा स्वतः ठेवला तर सोने. आणि पालकसभेत 'टीव्ही बसवला का' एवढेच न विचारता 'टीव्हीवर काय शिकवले' हेही विचारावे. टीव्ही बहुधा लोकवर्गणीतून आला आहे, विचारायचा हक्क तुमचा आहे.

आमच्या गटात एक आपा आहेत, निवृत्तीला वर्ष राहिलेले. मोबाइलमध्ये फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप यापलीकडे त्या जात नव्हत्या. त्यांचे उर्दू वाचन मात्र असे की मुले खेळाचा तास सोडून गोष्ट ऐकायला बसतात. त्यांच्या जोडीदाराने, म्हणजे तिशीतल्या एका सरांनी, त्यांना फक्त आवाज रेकॉर्ड करायला शिकवले. तीन गुरुवार लागले. बदल्यात सर त्यांच्याकडून शीन-काफ दुरुस्त करून घेत आहेत. आपांच्या आवाजातल्या गोष्टी आता पेनड्राइव्हवरून सहा शाळांत वाजतात आणि ज्या शाळेत उर्दूचा एकच शिक्षक आहे तिथे त्यांचा फार आधार होतो. सध्या त्या चौथीचे पुस्तक रेकॉर्ड करत आहेत. पंख्याची घरघर आत येते म्हणून रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवतात, आणि नातवाला दाराबाहेर बसवतात, कोणी बेल दाबू नये म्हणून.