झेंड्यावरचा विळा आणि आपला विळा



खालच्या खाचरातलं भात काल कापून झालं. बांधावर बसलो होतो तर रस्त्याने लाल झेंडा लावलेली जीप गेली. नातू म्हणाला, "आजा, झेंड्यावरच्या इळ्याला दात का नाहीत?"

प्रश्न बरोबर आहे. आपला वैभव विळा दातेरी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा. तो जमिनीलगत कापतो. खोडकिडीच्या अळ्या धसकटात राहतात म्हणून लगतच कापा, हे याआधीही लिहिलंय, परत सांगतो.

झेंड्यावरचा विळा लांब, गोल वाकलेला, तिकडचा रशियातला. 1917 च्या क्रांतीनंतर तिथे हे चिन्ह आलं. हातोडा कारखान्यातल्या कामगाराचा, विळा शेतकऱ्याचा. दोन वेगळी माणसं, त्यांची हत्यारं एकमेकांवर ठेवून एकी दाखवली. मार्क्सवादी पक्ष 1964 ला वेगळा झाला, त्याच्या लाल झेंड्यावर तेच पांढऱ्या रंगात. मतदानाच्या चिन्हात वर तारा. जुन्या भाकपचं विळा-कणीस निराळं, कोणी कोणी अजून गोंधळतं.

शेतीची चित्रं बाकीच्यांनीही घेतली. काँग्रेसची बैलजोडी, मग गाय-वासरू, 1977 ला जनता पक्षाचा नांगरधारी, शेकापचा खटारा. पण शेतकऱ्याच्या शेजारी कामगार बसवलेला हाच एक झेंडा आपल्याकडे जास्त दिसतो.

आता माझं मत. पेठ-सुरगाण्यात ती दोन माणसं एकच आहेत. पावसाळ्यात भात, नागली, वरई करायची, आणि दिवाळी झाली की गाडीत बसून दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षबागांत नाहीतर नाशिकला बिगारी कामावर. माझा थोरलाही तसाच. चार महिने विळा, बाकी हातोडा (बागेत गेला तर कात्री). तिकडच्या चित्रात जी जोडी दोघांची होती ती इथे एकाच्याच दोन हातांत आहे.

2018 च्या मार्चमध्ये 6 तारखेला नाशिकहून निघून 12 ला आझाद मैदानात पोचलेला लाँग मार्च सगळ्यांना आठवतो. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून मुंबईत माणसं रात्री चालली. पायाचे फोड पेपरात आले. तेव्हा मागणी वनजमिनीची, म्हणजे 2006 च्या वनहक्क कायद्याचे पट्टे नावावर करा. ती विळ्याची मागणी, आणि ती रास्तच होती. कसतो त्याच्या नावावर जमीन नसेल तर कर्ज नाही, पीक विमा नाही.

पण हातोड्याचं काय? आमच्याकडच्या सभेत मी बसतो तेव्हा जमीन, पाणी, हमीभाव ऐकतो. बिगारीवर गेलेल्याची मजुरी मुकादमाने अडकवली, मचाणावरून पडला तर दवाखाना कोणी करायचा, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी कुठे करायची, हे क्वचित. बांधकाम मंडळाकडे नाव नोंदलं तर मदतीच्या योजना आहेत, त्याला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या पाड्यावरच्या किती पोरांकडे आहे? थोरल्याकडे नाही. ठेकेदार लिहून देत नाही.

झेंडा खांद्यावर घेणाऱ्यांनी गावात येताना तो फॉर्म पण घेऊन यावा. कसा भरायचा ते कोणाला पक्कं माहीत असेल तर खाली लिहा.

उद्यापासून नागलीला हात घालतोय. थोरला शनिवारी येतो म्हणालाय, खाडा धरला नाही तर.