माणसाला नव्वद दिवस, यंत्राला ताम्रपट

कुठल्याही मोठ्या कंपनीचं माहिती-सुरक्षा धोरण उघडा. एक कलम हमखास सापडेल: दर नव्वद दिवसांनी प्रत्येकाने पासवर्ड बदलायचा, आधी वापरलेले चालणार नाहीत, एक कॅपिटल हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. आता त्याच कंपनीत जो प्रोग्रॅम रात्रंदिवस मुख्य डेटाबेसला जोडलेला असतो, त्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते विचारून बघा. ‘त्याला हात लावू नका. ज्याने ठेवला तो केव्हाच सोडून गेला, आणि तो कुठे कुठे वापरलाय ते कुणालाच माहीत नाही.’ संगणकाच्या धंद्यात काम करणाऱ्या कुणालाही हे उत्तर तोंडपाठ असतं.

अकाउंट्समधल्या बाईंचा पासवर्ड चोरीला गेला तर फार तर त्यांच्या हाताखालची पगारपत्रकं उघडतील. त्या प्रोग्रॅमचा गेला तर सगळे ग्राहक, त्यांचे पत्ते, त्यांचे व्यवहार एका दमात बाहेर जातील. तरी बाईंना दर तिमाहीला तंबी, आणि प्रोग्रॅमला यावच्चंद्रदिवाकरौ वतन! धोका कणभर तिथे काठी उगारायची आणि मणभर तिथे दंडवत घालायचा, याला हे लोक सुरक्षा म्हणतात. माझ्या मते हा शुद्ध भित्रेपणा आहे, आणि तो धोरणाच्या भारदस्त भाषेत गुंडाळून मिरवला जातो म्हणून त्याची चीड येते.

आधी माणसांचं बघू, कारण तिथला निकाल कधीच लागलाय. अमेरिकेत निस्ट ही मानकं ठरवणारी सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर यांनी २००३ साली पासवर्ड कसे असावेत याचं एक परिशिष्ट लिहिलं. चिन्हं घाला, आकडे घाला, ठरावीक काळाने बदला, हा उपदेश तिथून जगभरच्या कचेऱ्यांत पोचला. पुढे निवृत्त झाल्यावर, २०१७ साली, बर यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला स्पष्ट सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. खऱ्या पासवर्डांची पुरेशी माहिती तेव्हा हाताशी नव्हती आणि ऐंशीच्या दशकातल्या एका निबंधावर विसंबावं लागलं होतं. माणूस सरळ. चुकलं ते कबूल करून मोकळा झाला. त्याच्या चुकीवर ज्यांनी आपल्या खुर्च्या मांडल्या, ते मात्र अजून उठायला तयार नाहीत.

उठावं असा पुरावा नाही म्हणता? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती होती. तिथल्या संशोधकांनी बंद झालेल्या ७,७०० हून अधिक खात्यांचे ओळीने वापरलेले पासवर्ड तपासले आणि २०१० साली निष्कर्ष मांडले. आधीचा पासवर्ड ठाऊक असेल, तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचपेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता आला. यात नवल कसलं? ‘मोरया@१’ असतो तो ‘मोरया@२’ होतो. तुम्ही वेगळं काय करता? डोकं ठिकाणावर असलेला कुणीही हेच करणार. दिवसभराची कामं बाजूला ठेवून वर्षातून चारदा नवं, अवघड, निरर्थक अक्षरजाल पाठ करायला माणसाला दुसरा उद्योग नाही काय? म्हणजे सक्तीने मिळालं काय, तर चोराला अंदाज बांधायला सोपी अशी मालिका आणि मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी.

निस्टने २०१७ साली सांगितलं की नुसती तारीख उलटली म्हणून पासवर्ड बदलायला लावू नका. फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र लावाच. २०२५च्या आवृत्तीत त्या सल्ल्याचा थेट मनाईहुकूम झाला. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली विंडोजच्या शिफारशींतून मुदतीचं कलम काढून टाकलं आणि हा उपाय जुनाट नि फारसा उपयोगाचा नाही असं लिहून टाकलं. एवढं होऊनही ऑडिटर येतो, यादी काढतो, ‘नव्वद दिवस?’ विचारतो, बरोबरची खूण करतो, चहा घेतो, जातो.

त्याची यादी तरी कशी असते पाहा. कार्डाचे व्यवहार करणाऱ्यांना पीसीआयचे नियम पाळावे लागतात. त्यांच्या चौथ्या आवृत्तीत, ज्याच्याकडे फक्त पासवर्ड आहे अशा माणसासाठी नव्वद दिवसांचा आकडा अजून छापलेला आहे. त्यातून सुटायचं तर त्या खात्यावर सतत नजर ठेवणारी यंत्रणा हवी. आणि प्रोग्रॅमच्या, सिस्टिमच्या खात्यांसाठी? त्यांचा पासवर्ड किती दिवसांनी बदलायचा ते कंपनीने स्वतःच जोखीम तपासून ठरवायचं. ही अटसुद्धा ३१ मार्च २०२५ पर्यंत ऐच्छिकच होती. माणसाला आकडा ठरवून दिलेला, यंत्राला आपापल्या सोयीने. ज्याला पासवर्ड लक्षात ठेवण्याचा त्रास होतो त्याला सक्ती, आणि ज्याला दोनशे अक्षरांचा पासवर्ड तासाला बदलला तरी कसलाही ताप नाही, त्याला मोकळीक. हे उलटं आहे हे कळायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

या उलट्या कारभाराची किंमत काय असते? मायक्रोसॉफ्टचंच उदाहरण घेऊ. माणसांच्या बाबतीत त्यांचं २०१९ सालचं म्हणणं योग्यच होतं. पण आपल्या घरगुती ग्राहकांच्या खात्यांसाठी कंपनी एक गुप्त सही-किल्ली वापरत असे. त्या किल्लीने सही केलेलं टोकन दाखवलं की टपालपेटी उघडते, पासवर्ड कुणी विचारत नाही. कंपन्यांच्या खात्यांसाठीच्या किल्ल्या आपोआप बदलत होत्या. घरगुती खात्यांच्या किल्ल्या बदलायचं काम माणसं हाताने करत होती. त्या हाताने बदलण्याच्या कामातून एकदा मोठी सेवा कोलमडली, आणि २०२१ साली कंपनीने काय केलं? काम यंत्राकडे सोपवायच्या ऐवजी किल्ल्या बदलणंच थांबवलं. किती जुनी किल्ली अजून चालू आहे, हे संबंधितांना ओरडून सांगणारी यंत्रणाही उभी केली नाही.

२०१६ साली तयार झालेली त्यातली एक किल्ली २०२३ साली चीनशी संबंधित हल्लेखोरांच्या हाती होती. तोवर ती कधीच बाद व्हायला हवी होती. वर आणखी एक घोळ असा, की घरगुती खात्यांच्या या किल्लीची सही कंपन्यांच्या आणि सरकारी टपालपेट्यांनाही चालून गेली. अमेरिकेच्या तेव्हाच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो यांची टपालपेटी उघडली गेली, चीनमधले तेव्हाचे अमेरिकी राजदूत निकोलस बर्न्स यांची उघडली गेली. एकट्या परराष्ट्र खात्यातून सुमारे ६०,००० ईमेल उतरवून घेतले गेले. चोरी पकडली ती मायक्रोसॉफ्टने नव्हे, परराष्ट्र खात्याने, तीही जादा पैसे मोजून घेतलेल्या नोंदींच्या जोरावर. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला आणि टाळता येण्याजोग्या चुकांची साखळी असा त्यावर शेरा मारला. किल्ली हल्लेखोरांच्या हाती कशी लागली, हे तेव्हाही कंपनीला सांगता आलेलं नव्हतं.

आता मला सांगा, जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला, जिच्याकडे अभियंत्यांची फौज आहे, जिचे शेजारच्या विभागातले सहकारी हेच काम आपोआप करत होते, तिला हे का जमू नये? तंत्र ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. विंडोजच्या डोमेनमध्ये जोडलेला प्रत्येक संगणक स्वतःचा पासवर्ड दर ३० दिवसांनी आपणहून बदलतो. कितीतरी वर्षं बदलतोय. तुमच्या ऑफिसातलाही बदलत असेल, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल. तंत्र याच कंपनीचं. कमी पडली ती हिंमत. सेवा बंद पडली तर त्याच दिवशी कुणाची तरी मान पकडली जाते. किल्ली सात वर्षं तशीच राहिली तर त्या सात वर्षांत कुणालाच कुणी जाब विचारत नाही. साहेब लोक या हिशोबाने चालतात, आणि नंतर त्यालाच ‘स्थैर्याला प्राधान्य’ म्हणतात.

आपल्याकडच्या कंपन्यांत या प्रकारासाठी एक फॉर्मही असतो: ‘रिस्क ॲक्सेप्टेड’. अमुक सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड तमुक कारणाने बदलता येत नाही, जोखीम मान्य आहे, खाली सही. जोखीम ज्यांच्यावर आहे त्या ग्राहकांना कुणी विचारलेलं नसतं. त्या फॉर्मचं नूतनीकरण मात्र दरवर्षी न चुकता होतं.

आणि जिथे बदलतात तिथे कसे बदलतात? हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या सपोर्टच्या पोरांना विचारा. गिऱ्हाईक अमेरिकेत. त्याची शनिवारची रात्र म्हणजे यांची रविवारची सकाळ. चेंज मंजूर झालेला, कॉलवर डझनभर माणसं, त्यातली निम्मी म्यूटवर. एकजण डेटाबेसमध्ये नवा पासवर्ड टाकतो, दुसरा सर्व्हरमागून सर्व्हर उघडून कॉन्फिग फाइलमध्ये तो चिकटवतो, तिसऱ्याला तो मिळावा म्हणून चौथा चक्क ग्रुप चॅटवर टाकतो. इतक्या खटाटोपाने बदललेलं गुपित पहिल्या तासाभरातच डझनभर लोकांच्या मोबाइलवर! मग एक विसरलेला जॉब सोमवारी पहाटे जुन्याच पासवर्डने दार ठोठावत राहतो, खातं लॉक होतं, आणि ज्या पोराने रविवार घालवला त्यालाच कारणमीमांसा लिहायला बसवतात. त्या पोराची यात काय चूक? शेकडो ठिकाणी हाताने चिकटवायचं काम माणसाला दिलं, इथेच चूक झाली. पुढच्या वेळी तोच म्हणणार, कशाला हात लावायचा? आणि त्याच्या जागी तो बरोबरच असेल.

यंत्राने हे काम कसं करायचं हे गूढ नाही. एका वेळी दोन किल्ल्या चालू ठेवायच्या. नवी तयार करायची, सगळ्यांपर्यंत पोचवायची, तिने दार उघडतं का ते तपासायचं, जुनी कुणीच वापरत नाही अशी नोंदींवरून खात्री करायची आणि मगच जुनी मारायची. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये एका खात्याला दोन ॲक्सेस की ठेवायची मुभा आहे ती याचसाठी. त्यापुढची पायरी म्हणजे कायमचा पासवर्डच नको. प्रोग्रॅमने मागितलं की तासाभरापुरतं खातं तयार व्हावं आणि तास संपला की मरावं. व्हॉल्टसारखी साधनं २०१५ पासून बाजारात आहेत. पण साधन विकत घेतलं म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे. तिजोरी घेतात, तिच्यात पासवर्ड ठेवतात, आणि तिजोरीची स्वतःची किल्ली एका स्क्रिप्टमध्ये साध्या अक्षरांत लिहून ठेवतात. किंवा तिजोरीतला पासवर्ड रोज बदलतो, पण प्रोग्रॅम तो चालू होताना एकदाच वाचतो, म्हणून रोज रात्री तो प्रोग्रॅमच बंद करून पुन्हा सुरू करतात. डॅशबोर्डवर मात्र सगळं हिरवं.

वारंवार आपोआप बदलण्याच्या सर्वांत मोठ्या फायद्याबद्दल तर हे लोक बोलतच नाहीत. चोराच्या हातातली किल्ली लवकर निकामी होते, हा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संकटाच्या दिवशी सगळ्या किल्ल्या बदलता येतील अशी खात्री हाताशी असते, कारण तेच काम काल झालेलं असतं आणि परवाही झालेलं असतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या कंपनीने आपल्या ग्राहकांना सांगितलं, की आमच्याकडे ठेवलेली सगळी गुपितं ताबडतोब बदला. ज्यांच्याकडे यंत्रणा होती त्यांना हे काही तासांचं काम. बाकीच्यांनी आधी कुठली गुपितं कुठे ठेवली आहेत हेच शोधायला घेतलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑक्टा या कंपनीत चोरी झाल्यावर तिची ग्राहक असलेल्या क्लाउडफ्लेअरलाही आपल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. हजारो होत्या. सगळ्या बदलल्या, चार राहिल्या: एक टोकन आणि तीन सर्व्हिस अकाउंट. वापरात नाहीत अशी समजूत झाली होती. नोव्हेंबरात हल्लेखोर त्याच चारांतून आत आले. मग कंपनीने ५,००० हून अधिक किल्ल्या नव्याने बदलल्या आणि आपली हकिकत सविस्तर जाहीर केली, याबद्दल तिचं कौतुकच आहे. सुरक्षेचाच धंदा करणाऱ्यांची जर ही गत, तर एक्सेल शीटमध्ये पासवर्डांची यादी ठेवून ‘आमच्याकडे सगळं नीट लिहिलेलं असतं’ म्हणणाऱ्यांनी कुठल्या भरवशावर झोपावं?

एका ठिकाणी हा वाद आता संपत आलाय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. वेबसाइटच्या सुरक्षेची प्रमाणपत्रं पूर्वी वर्षानुवर्षं चालत. मुदत कधी संपते याची आठवण कॅलेंडरवर, आणि कॅलेंडर नोकरी सोडून गेलेल्याचं. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि ब्रिटनमधल्या ओटूचे आणि जपानमधल्या सॉफ्टबँकेचे ग्राहक फोन हातात घेऊन नेटवर्क शोधत बसले. फेब्रुवारी २०२० मध्ये याच कारणाने मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं. याउलट अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने २०१५ मध्ये सुरुवातीपासूनच नव्वद दिवसांची मुदत ठेवली आणि कारणही उघड सांगितलं: मुदत इतकी कमी की लोकांनी नूतनीकरण यंत्राकडेच सोपवावं. आता ब्राउझर बनवणारे आणि प्रमाणपत्रं देणारे यांनी मिळून, एप्रिल २०२५ मध्ये, सगळ्यांचीच मुदत टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरवलंय. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७.

सत्तेचाळीस दिवस म्हणजे प्रत्येक प्रमाणपत्रामागे वर्षाला आठेक वेळा. शंभर प्रमाणपत्रं असतील तर वर्षाला आठशे वेळा. ज्यांना अजून कॉलवर डझनभर माणसं बसवून हे करायचंय, त्यांनी तेवढे रविवार आतापासून मोजायला घ्यावेत.