विविधता की न्याय?

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तो त्यांनी कृष्णवर्णीय गुलामांना दास्यमुक्त केले म्हणून. बरोबर दीडशे वर्षांनी, २९ जून २०२३ रोजी, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व उत्तर कॅरोलायना या विद्यापीठांच्या प्रवेशातील वंशाचा विचार घटनाबाह्य ठरविला. या निकालाचा दाखला देऊन येथील राखीव जागाही मोडीत काढाव्यात, असे ज्यांना वाटेल त्यांनी दोन्ही देशांतील भूमिकांचा फरक आधी ध्यानी घ्यावा.

अमेरिकेत १९७८ च्या बॅकी खटल्यात राखीव जागा नाकारल्या गेल्या. वर्गातील विविधता शिक्षणास हितकर असते, एवढ्याच आधारावर वंशाचा विचार मान्य झाला. वंचिताचा प्रवेश हा त्याचा हक्क न ठरता इतरांच्या शिक्षणाचे साधन ठरला. असा पाया ४५ वर्षांत खचला, यात नवल नाही. उलट भारतात, मद्रास सरकारचा जातवार जागावाटपाचा आदेश न्यायालयाने रद्द करताच १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. मागासलेल्यांची उन्नती हेच त्याचे उघड प्रयोजन होते.

या प्रयोजनाचा अर्थ खडकीत कळतो. १८६९ साली येथे दारूगोळा कारखाना निघाला. गावगाड्याने ज्यांना बलुत्याच्या कामांत जखडले होते, त्या महार समाजातील कित्येकांना छावणीच्या आश्रयाने रोख मजुरी मिळाली. शतकाअखेरीस त्यांची लष्करभरती बंद झाली, तरी कारखान्याचे दार उरले. मात्र हातोडा चालविणारा आणि आराखडा काढणारा यांच्यामध्ये महाविद्यालयाचा उंबरठा होता. लोकलने पुढचेच स्थानक शिवाजीनगर. त्याच्या जवळ १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय. रुळांवरचे हे काही मिनिटांचे अंतर कापण्यास कामगारवस्तीला पिढ्या लागल्या. तो उंबरठा ओलांडता आला, त्यात राखीव जागांचा वाटा मोठा आहे.

यावर गुणवत्तेचा आक्षेप घेतला जातो. परंतु १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोकळीक मिळाली आणि पैशाच्या बळावर जागा मिळू लागल्या, तेव्हा हा आक्षेप एवढ्या त्वेषाने का उठला नाही? जन्माने मिळालेली संपत्ती चालते आणि जन्माने लादलेल्या अन्यायाची भरपाई मात्र खुपते, हा न्याय अजब होय.

२००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही राखीव जागांची वाट मोकळी केली. पण शुल्क परवडणार नसेल, शिष्यवृत्ती वेळेवर हाती पडणार नसेल, वसतिगृहात जागा नसेल, तर ती वाट कागदावरच राहते. त्यातच १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन खडकीचा कारखाना कंपनीच्या अखत्यारीत गेला. बापाच्या सरकारी नोकरीचा आधार डळमळीत होत असताना मुलीच्या शिक्षणाचा आधार तरी पक्का हवा. तिचे महाविद्यालयातील स्थान कोणाच्या वर्गाची शोभा वाढविण्यासाठी नाही; ते तिच्या हक्काचे आहे, आणि तो हक्क शुल्कासह पुरता पाळणे हे शासनाचे कर्तव्य आहे.