बटण कुठल्या अंगाला?

वसई पूर्वेच्या गाळ्यांतून काज-बटणाचे काम घरी आणणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायला नको: डावी पट्टी उजवीवर आली की शर्ट पुरुषाचा, उजवी डावीवर आली की बाईचा. परदेशी बंदरातला सीमाशुल्क अधिकारी, आणि आपल्या न्हावाशेवाचाही, बेतणीवरूनच उघड नसेल तर हीच खूण पाहतो. होजिअरी शुल्कसूचीच्या प्रकरण ६१ मध्ये, मागावरच्या कापडाचे कपडे ६२ मध्ये. नियम दोन्हीकडे तोच. आणि ज्याचे काहीच ओळखता येत नाही, तो कपडा बाईचा धरायचा!

यात पैसा आहे. अमेरिकेत पुरुषांच्या कातडी हातमोज्यांवर १४ टक्के, इतरांच्या १२.६ टक्के शुल्क, म्हणून एक कंपनी भेदभावाची तक्रार घेऊन कोर्टात गेली. २०१० मध्ये ती अपिलातही हरली. पण तिला निदान दर ठाऊक होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने कपड्यांसह बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के जादा शुल्क लावले. ‘तिकडे ड्युटी वाढली’ म्हणत कुणी नगाचा दर उतरवला, तर आपली मैत्रीण काय दाखवणार? कामाची चिठ्ठीही तिच्याकडे नसते. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठीच्या १९९६ च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने मान्यता दिलेली नाही. तोवर वस्तीतल्या मंडळांनी नग, दर, तारीख यांची वही तरी सुरू करावी.