विराट गेली, गुलदार आली

नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 852 कोटी रुपयांच्या एका प्रस्तावाला मंजुरी दिली. नौदलातून निवृत्त झालेली विमानवाहू नौका विराट सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ आणायची, समुद्रात काँक्रीटचा पाया घालून त्यावर ती पक्की बसवायची आणि तिच्यात संग्रहालय, हॉटेल, डायव्हिंगचे केंद्र असे सगळे चालवायचे, असा तो बेत होता. तो कागदावरच राहिला. सप्टेंबर 2020 मध्ये विराट गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली ती तोडण्यासाठीच. लिलावात तिला 38 कोटी 54 लाख रुपये आले होते.

आता त्याच निवती रॉकच्या परिसरात गुलदार ही दुसरी एक निवृत्त युद्धनौका समुद्राच्या तळाशी ठेवण्याचे काम महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतले आहे. पाण्याखालचे संग्रहालय आणि प्रवाळांना व माशांना आसरा, अशी दुहेरी कल्पना. केंद्राने त्यासाठी सुमारे 47 कोटी रुपये मंजूर केले. थकलेल्या युद्धनौकेवर पुन्हा पैसा घालावा का, घालावा तर कशासाठी आणि किती काळ, हा प्रश्न म्हणून या किनाऱ्याला दुसऱ्यांदा सोडवायचा आहे. पहिल्या वेळी काय झाले ते नीट पाहिल्याशिवाय दुसऱ्या वेळचा निर्णय शहाणपणाचा होणार नाही.

विराटचा सांगाडा 1944 साली इंग्लंडमधल्या बॅरो इथल्या व्हिकर्सच्या गोदीत उभारायला घेतला गेला. 1953 मध्ये ती पाण्यात उतरली आणि 1959 मध्ये हर्मिस या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झाली. 1982 च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. भारताने ती 1986 मध्ये विकत घेतली, डेव्हनपोर्टच्या गोदीत दुरुस्त करून घेतली आणि मे 1987 मध्ये ती विराट झाली. म्हणजे आपल्याकडे आली तेव्हाच तिला पहिल्यांदा सेवेत दाखल होऊन जवळजवळ अठ्ठावीस वर्षे झालेली होती. पुढे आपण तिला आणखी तीस वर्षे वापरले. 1993 मध्ये इंजिनघरात पाणी शिरून ती कित्येक महिने बंद पडली. 1999 ते 2001 या काळात ती मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत होती, 2008-09 मध्ये पुन्हा कोचीत. बॉयलर आणि वाफेचे टर्बाइन हे तंत्र जगातून हळूहळू हद्दपार होत असताना आपले खलाशी ते जिवंत ठेवत होते.

हा खर्च वाया गेला असे म्हणणारे त्या वेळीही होते. मला ते पटत नाही. जुनी विक्रांत जानेवारी 1997 मध्ये निवृत्त झाली आणि विक्रमादित्य नोव्हेंबर 2013 मध्ये आली. मधली जवळजवळ सतरा वर्षे देशाकडे विमानवाहू नौका एकच होती, विराट. हलत्या डेकवर विमान उतरवायचे कसब पुस्तकातून येत नाही. ते एका पिढीत तुटले तर पुढच्या पिढीला शून्यातून शिकावे लागते. त्या सतरा वर्षांत विराट गोदीत जाऊन परत येत राहिली, म्हणूनच नव्या नौकेसाठी माणसे तयार होती. एवढ्या एका कारणासाठी त्या सगळ्या दुरुस्त्यांचे बिल मान्य करायला हवे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जहाज आणि त्यावरची विमाने एकाच वेगाने म्हातारी होत नाहीत. सी हॅरियर विमाने अपघातांनी आणि वयाने कमी कमी होत गेली. मे 2016 मध्ये गोव्याच्या दाबोळीला त्यांना निरोप दिला गेला, तोपर्यंत विराटच्या डेकवरून उडायला मूठभरच उरली होती. सांगाडा दुरुस्त होत होता, पण तो ज्यासाठी होता तीच गोष्ट संपत आली होती. विक्रमादित्य आल्यावर पुढची तीन-साडेतीन वर्षे विराटला पाण्यात ठेवण्यात लढाऊ गरजेपेक्षा सवयीचा भाग जास्त होता, असे माझे मत आहे. आणि नेमकी हीच वर्षे तिच्या निवृत्तीनंतरची सोय लावायला वापरता आली असती.

ती वापरली गेली नाहीत. 2016 मध्ये कोचीत तिचे बॉयलर, इंजिने, पंखे काढून घेतले, ओढून मुंबईला आणले आणि 6 मार्च 2017 रोजी तिच्यावरचे निशाण उतरले. खरी धावपळ त्यानंतर सुरू झाली. आंध्र प्रदेशाने आधीच इच्छा दाखवली होती, आता महाराष्ट्राने 852 कोटींचा आराखडा मांडला. जुलै 2019 मध्ये संरक्षण राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांनी राज्यसभेत सांगितले की स्वतःच्या पायावर उभा राहील असा, आर्थिकदृष्ट्या पूर्ण प्रस्ताव कोणत्याही राज्याकडून आला नाही. अलंगला पोचल्यावर एका कंपनीने ती विकत घेऊन गोव्यात संग्रहालय करायची तयारी दाखवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी 2021 मध्ये तोडकामाला स्थगिती मिळाली. पण एप्रिलमध्ये निकाल लागला तेव्हा सुमारे 40 टक्के जहाज तोडून झाले होते.

हे सारे विक्रांतच्या बाबतीत मुंबईत लोकांच्या डोळ्यांदेखत घडून गेलेले होते. 1997 मध्ये निवृत्ती, काही वर्षे संग्रहालय, मग गंजामुळे सुरक्षित नाही म्हणून 2012 मध्ये दरवाजे बंद आणि 2014 मध्ये सुमारे 60 कोटींना भंगारात. पहिल्या दिवशी गर्दी करणारे आपण सगळे दहाव्या वर्षी रंगाच्या डब्याचे पैसे कोण देणार हे विचारत नाही.

जपानमध्ये योकोसुकाला मिकासा नावाची युद्धनौका आहे. तीही बॅरोच्या त्याच गोदीत बांधलेली, 1902 मध्ये तयार झालेली. 1905 च्या त्सुशिमाच्या लढाईत ती सेनापती टोगोची नौका होती. त्याच वर्षी सासेबो बंदरात दारूगोळ्याचा स्फोट होऊन ती बुडाली, जपान्यांनी ती वर काढली, दुरुस्त केली आणि 1908 मध्ये पुन्हा सेवेत आणली. पण 1906 मध्ये ब्रिटनची ड्रेडनॉट पाण्यात उतरली होती आणि तिच्यापुढे आधीच्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या ठरल्या. मिकासाची ती महागडी दुरुस्ती लढाईच्या हिशेबात उशिरा झाली. 1926 मध्ये तिचा तळ काँक्रीटमध्ये बसवून तिचे स्मारक केले गेले. निवतीच्या 2018 च्या आराखड्यात हीच युक्ती होती. फरक असा की मिकासा आहे एका शांत बंदराच्या काठावर, जिथे लोक चालत जातात. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत निगा सुटली तेव्हा तिची पार दुर्दशा झाली. लोकांनी वर्गण्या काढल्या, पुन्हा मोठी दुरुस्ती झाली आणि 1961 मध्ये ती परत उघडली. काँक्रीट असूनही तिला एका मोठ्या पुनर्बांधणीची गरज पडलीच.

निवती रॉक आहे उघड्या समुद्रात. मृगाचा पाऊस लागला की नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांना इथे अडवणारे काही नाही. पावसाळ्यात मालवणहून किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवासुद्धा बंद असते. 226 मीटर लांबीचे, पाण्यावर उभे राहिलेले पोलादी हॉटेल वर्षातले तीन-चार महिने पर्यटकांना गाठताच आले नसते आणि त्याच महिन्यांत त्याला सगळ्यात जास्त मार बसला असता. विराट सिंधुदुर्गात आली नाही याची हळहळ मलाही आहे. तिच्यावर नोकरी केलेली माणसे या जिल्ह्याच्या वाड्यावाड्यांत आहेत, त्यांच्या घरांतल्या भिंतींवर तिचे फोटो आहेत. तरी त्या स्वरूपात, त्या जागी, ती आली नाही हे बरे झाले. निर्णय बरोबर ठरला, पण तो कोणी विचार करून घेतला नाही. वेळ संपला म्हणून तो झाला, आणि खंत त्याची आहे.

खाऱ्या वाऱ्याचा अनुभव आपल्याला ताजाच आहे. 4 डिसेंबर 2023 रोजी मालवणला नौदल दिनी राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. पडण्याआधी नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने लिहिले होते. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. या किनाऱ्यावर लोखंडाचे काहीही उभे करणाऱ्याने गंजाचा विचार उद्घाटनाच्या आधी करायचा असतो.

इथल्या मच्छीमाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यापूर्वी होडी वाळूवर ओढून घेतली की तळाला चिकटलेली कालवे-शिंपल्यांची पुटे खरवडून काढायची, फळ्यांच्या सांध्यांत बोट फिरवून कुठे मऊ लागते ते पाहायचे, कुजलेली फळी बदलायची, वर झापांचे छप्पर करायचे. फळ्या बदलत बदलत एक होडी वीस-पंचवीस वर्षे जाते. पण तळाचा कणा गेला की मालक फळ्यांवर पैसा घालत नाही. इंजिन काढून नव्या होडीला लावतो आणि जुन्या लाकडांचे काय करायचे ते त्याच दिवशी ठरवतो. विराटच्या बाबतीत हा शेवटचा दिवस कोणी ठरवलाच नाही.

गुलदारचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा, आणि माझा कल होकाराकडे आहे. तिची लांबी सुमारे 84 मीटर, वजन हजार-अकराशे टन. पोलंडमध्ये बांधलेली, डिसेंबर 1985 मध्ये भारतीय नौदलात आलेली, जानेवारी 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालेली. रणगाडे आणि सैनिक थेट पुळणीवर उतरवणे हे तिचे काम. त्यासाठी तिचा तळ उथळ पाण्याला साजेसा आहे, नाळेला उघडणारी दारे आहेत, आत रणगाडे उभे करण्याची लांबलचक मोकळी जागा आहे. डायव्हरच्या दृष्टीने हा मोठाच गुण. अरुंद खोल्यांच्या चक्रव्यूहात अडकण्याऐवजी एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी वाट तिच्यात जवळजवळ तयारच आहे. बुडवलेल्या जहाजाला दर वर्षी रंग लावावा लागत नाही. किनाऱ्यावर शत्रू असलेला गंज तिथे हळूहळू प्रवाळांखाली झाकला जातो. विराटच्या बाबतीत जो खर्च परवडला नाही, त्यातला सगळ्यात मोठा भाग इथे मुळातच नाही.

आणखी एक फायदा मला महत्त्वाचा वाटतो. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, 29.12 चौरस किलोमीटरचे. मालवण आणि तारकर्लीला स्कूबासाठी येणाऱ्यांचा सगळा भार किनाऱ्याजवळच्या नैसर्गिक खडकांवर आणि प्रवाळांवर पडतो. नवख्याचा एक पाय पडला तरी वर्षानुवर्षांची वाढ मोडते. निम्मे डायव्हर जरी गुलदारकडे वळले तरी त्या खडकांना श्वास घ्यायला फुरसत मिळेल.

या होकाराला अटी आहेत. जहाज बुडवणे आणि समुद्रात कचरा टाकणे यांतला फरक फक्त साफसफाईचा आहे. टाक्यांतले तेल, इंजिनातले वंगण, वायरींची आवरणे, जुने रंग, उष्णतारोधक थर हे सगळे खरवडून निघाले पाहिजे. अमेरिकेने 2006 मध्ये फ्लोरिडाजवळ ओरिस्कनी ही विमानवाहू नौका प्रवाळांसाठी बुडवली तेव्हा विषारी रसायनांची तपासणी आणि साफसफाई यातच बराच काळ आणि पैसा गेला. गुलदारच्या सफाईचा अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला काहीच हरकत नसावी. दुसरे, ती तळाशी सरळ बसली पाहिजे आणि पावसाळ्यानंतर ती सरकली, कलंडली की कुठे फाटली हे दर वर्षी उतरून पाहिले पाहिजे. त्या पाहणीचे पैसे आजच्या 47 कोटींतून बाजूला काढून ठेवावेत. पुढच्या अंदाजपत्रकाच्या भरवशावर ते सोडले तर गुलदारची विक्रांत होईल.

सगळ्यात नाजूक प्रश्न निवती, श्रीरामवाडी, कोचरे, खवणे इथल्या मच्छीमारांचा आहे. बुडालेल्या जहाजाभोवती मासे गोळा होतात हे खरे. पण मासे जमले की मोठी पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे वापरणारेही रात्री येतात, आणि गिलनेट लोखंडात अडकून फाटले तर नुकसान एका कुटुंबाचे होते. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला झगडा या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे चालू आहे. त्यात आणखी एक मनाई क्षेत्र घातले तर त्याची झळ लहान होडीवाल्यालाच लागेल. उलट बाजूही ऐकायला हवी. पर्यटनाच्या नौका, डायव्हिंगचे गाइड, न्याहारी-निवासाच्या खोल्या यांत याच गावांतली मुले उतरली आहेत आणि त्यांना हा प्रकल्प हवा आहे. एकाच घरात भाऊ जाळे टाकतो आणि भाऊ स्कूबाची बोट चालवतो. म्हणून जहाजाभोवती किती अंतरापर्यंत जाळे टाकायचे नाही, ती रेषा मच्छीमार सोसायट्यांना बसवूनच आखली गेली पाहिजे, आणि तिच्या आत पर्ससीन, एलईडी यांना वर्षभर बंदी व तिची खरी गस्त हवी. डायव्हिंगच्या तिकिटातला ठरावीक वाटा थेट या सोसायट्यांकडे जावा.

जहाज जमिनीवर ठेवावे असेही काही जण सुचवतात. शेजारी कारवारला चपळ ही क्षेपणास्त्र नौका तशी ठेवलेली आहे आणि शाळकरी मुले तिला हात लावून पाहतात. लहान नौकेसाठी ती चांगली वाट आहे. पण गुलदारएवढ्या सांगाड्याला खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर ठेवणे म्हणजे पुन्हा गंजाचे तेच बिल.

2025 मध्ये गुलदार विजयदुर्गच्या धक्क्याला येऊन लागली. तिथून जवळच वाघोटण खाडीत गिर्ये इथे मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. इथली जहाजे तिथे बांधली जात, जखमी होऊन आलेली तिथे दुरुस्त होऊन परत जात. शत्रूकडून पकडलेली जहाजेही आपलीशी केली जात. तुळाजी आंग्र्यांनी इंग्रजांची रेस्टोरेशन 1749 मध्ये पकडून आपल्या ताफ्यात घेतली होती. 1756 मध्ये विजयदुर्गावर इंग्रज चालून आले तेव्हा आग लागली ती याच जहाजाला, आणि शेजारी शेजारी बांधून ठेवलेले सगळे आरमार त्यात जळाले. जुने जहाज ठेवायचे तर ते कुठे, कोणाच्या शेजारी आणि कोणाच्या पहाऱ्यात, हे प्रश्न या बंदराला नवे नाहीत.

गुलदारची पाच वर्षांची नोंद, म्हणजे सफाईचा अहवाल, पावसाळ्यानंतरच्या पाहण्या, सोसायट्यांना मिळालेले पैसे आणि फाटलेल्या जाळ्यांची भरपाई, लोकांसमोर आल्यावरच निवतीला दुसरे जहाज मागावे. तोवर एकच पुरे.